बैल जातो का, माणूस जातो का: उभ्या डोंगराचे शब्द

प्रश्न थोडक्यात असा: सह्याद्रीतल्या भटकंतीबद्दल लिहायला बसलं की 'उंच कडे, खोल दऱ्या, तीव्र चढ, रौद्र निसर्ग' यांच्यापुढे गाडी जात नाही. उभ्या चढउतारांसाठी आणि खडबडीत भूरूपांसाठी मराठीत नेमके शब्द कोणते आणि कुठला कुठे वापरायचा?

घाटवाटा हिंडणं आणि मागून येणाऱ्यांसाठी वाटांची टिपणं लिहिणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, म्हणून जरा पसरून सांगतो. 'रौद्र', 'भीषण', 'थरारक', 'छाती दडपवणारा' हे शब्द लिहिणाऱ्याची अवस्था सांगतात. डोंगराबद्दल त्यांतून काहीच कळत नाही. घाटमाथ्यावरच्या एखाद्या धनगरवाड्यात वाट कशी आहे असं विचारून बघा. तिथला माणूस 'तीव्र चढ आहे' असं कधी म्हणायचा नाही. 'बैल जातोय की', 'मोकळा माणूस जाईल, वझं घेऊन नाय जायचा' किंवा सरळ 'तिकडं वानरंच जात्यात' असं म्हणेल. चढ किती उभा आहे ते तिथून कोण जाऊ शकतं यावरून मोजायचं, अशी ही पद्धत. नावांतही ती उतरली आहे. बैलघाट म्हटलं की लमाणांचे लादलेले बैल जातील इतपत रुंद आणि वळणं घेत चढणारी वाट समजावी. पावनखिंडीचं १६६० च्या लढाईआधीचं नाव घोडखिंड. जीवधनाशेजारचा सुळका वानरलिंगी, हरिश्चंद्रगडाच्या कोकणबाजूला माकडनाळ. खांडसहून भीमाशंकरला जाताना गणेशघाट निवडला तर तंगडतोड जास्त पण वाट सोपी. शिडीघाटात कातळाला लावलेल्या शिड्या चढाव्या लागतात. आणि महाबळेश्वराहून पार गावाच्या बाजूला उतरणारा रडतोंडीचा घाट. तिथे काय होतं हे वेगळं लिहायला नको.

याच पद्धतीचा माझा सर्वांत आवडता नमुना सभासद बखरीत आहे. रायगडाचे कडे तासल्याप्रमाणे आहेत हे सांगून बखरकार पुढे नोंदवतो की पावसाळ्यातसुद्धा त्या कड्यांवर गवत उगवत नाही. सह्याद्रीत पावसात दगडालाही पालवी फुटते म्हणतात, तिथे गवताचं बी ज्यावर ठरत नाही तो कडा किती सरळ असेल याचा अंदाज एका वाक्यात येतो. 'अभेद्य', 'अजिंक्य' यांतलं काहीही त्याला लागलं नाही. लिहिताना हेच विचारावं: या उतारावर काय टिकतं? झाड, कारवीची झुडपं, नुसतं गवत, की काहीच नाही?

आता अंशांचं बघू, कारण हल्ली प्रत्येक वर्णनात '८०-९० अंशांचा चढ' असतोच. घरातला जिना साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. सुटे दगड आणि मुरूम उतारावर थांबून राहतात तेही साधारण ३५ अंशांच्या आसपास. त्याहून उतार वाढला की ढीग आपोआप ओघळायला लागतो. त्यामुळे '७० अंशांचा घसारा' ही वस्तूच अस्तित्वात नाही. गवताळ उतार ४५ अंशांचा झाला की चढताना हात पुढे टेकायला लागतात आणि फोटोत तो भिंतीसारखा दिसतो. आकडा द्यायचाच असेल तर नकाशावरून काढा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर लागोपाठच्या दोन समोच्च रेषांमध्ये (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) उंचीचा फरक २० मीटरचा असतो. नकाशावरचे २ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर. तेवढ्या जागेत रेषांमधली पाच अंतरं मावली तर १०० मीटर चढ झाला, म्हणजे ४५ अंश. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा. नाहीतर आकडा टाळून 'अंगावर येणारा चढ', 'खडा चढ', 'छातीवरचा चढ' असं लिहावं. हे नेहमीच्या बोलण्यातले शब्द आहेत आणि वाचणाऱ्याला बरोबर कळतात.

उंच आणि उभा यांतही गल्लत होते. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, पण बारी गावातून शिड्या आणि पायऱ्यांनी आजीबाईसुद्धा देवीला जाऊन येतात. वानरलिंगीची उंची जेमतेम काहीशे फूट, पण दोराशिवाय माथा नाही.

सह्याद्री समजून घ्यायला कडा आणि पदर ही जोडी आधी पक्की करावी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यांचा हा डोंगर. थर सगळे सारखे टणक नाहीत. घट्ट बेसॉल्टचा थर झिजताना उभा तुटतो, तो कडा. त्याच्या खालचा सच्छिद्र, लवकर कुजणारा थर किंवा दोन थरांमधला तांबड्या मातीचा पट्टा तिरका झिजतो आणि तिथे झाडी धरणारी पट्टी तयार होते, तो पदर. पुन्हा कडा, पुन्हा पदर. कोकणातून घाटमाथ्याकडे बघितलं की हे आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. 'पदरात आलो' याचा अर्थ एक टप्पा संपला, सपाटी आली, झाडी आणि बहुधा पाणी मिळणार आणि डोक्यावर अजून एक कडा शिल्लक आहे. खांडस-भीमाशंकर वाटेवर पदरगड आणि पदरवाडी ही नावं अशाच जागी आहेत. कड्याच्या बुडाशी मऊ थर आत कोरला गेला की कपार होते. किल्ल्यांवरची कितीतरी टाकी आणि गुहा अशा थरात सापडतात, कारण खोदणाऱ्यालाही मऊ दगडच हवा असतो. वाटही कड्याच्या बुडातून, कपारीला धरून आडवी जाते. 'आडवी मारणे' हा शब्द त्यासाठीच. 'ट्रॅव्हर्स'ही सर्रास चालतो, पण 'डोंगर उजव्या हाताला ठेवून कड्याखालून आडवी मारायची' या वाक्यात दिशाही येते.

कड्याचे प्रकार सांगायला विशेषणं हवीतच, पण आकार सांगणारी. ताशीव म्हणजे सपाट, पकड नसलेला. सरळसोट म्हणजे मध्ये टप्पा नसलेला. तुटलेला कडा म्हणजे माथ्याची सपाटी जिथे एकदम संपते ती जागा. बेलाग हा शब्द किल्ल्याला लावतात, ज्याला आजूबाजूच्या डोंगरावरून लागून येता येत नाही असा. तो कुठल्याही कड्याला लावू नये. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा यांत कुठेच बसत नाही. तो पोटात आत गेलेला आहे. वरच्या काठावर पालथं झोपून खाली बघितलं तर कड्याचा मधला भाग दिसतच नाही, थेट बेलपाड्याची शेतं दिसतात. असं लिहिलं की पुरे.

डोंगराच्या माथ्यापासून खाली उतरत येणाऱ्या रांगांना सोंड, दांड, धार असे शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी टाकले जातात. सोंड रुंद, हळूहळू उतरणारी. किल्ल्याच्या बहुतेक सोप्या वाटा सोंडेवरून असतात. दांड त्याहून अरुंद आणि सरळ. चढताना वळसा मिळत नाही, नाकासमोर चढायचं. धार म्हणजे दोन्ही बाजूंना उतार आणि मधून वाट. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाताना धारेवरून चालण्याचा अर्थ पायांना कळतो. दोन उंचवट्यांमधला साधा खोलगट भाग लवण, त्याहून आवळलेला आणि दोन बाजूंच्या खोऱ्यांना जोडणारा तो खिंड. दुरून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच दिसते तिला बेचकं म्हणतात. किल्ल्याच्या सोंडेला तट बांधला की ती माची होते. माची हा शब्द मात्र माणसाच्या बांधकामाचा किंवा वस्तीचा आहे. मोकळ्या डोंगराला तो उगाच लावू नये.

बहुतेक शब्द शरीरातून आलेत हे लक्षात आलं असेल: पायथा, पोट, खांदा, नाक, सोंड, माथा, शेंडी. मनमाडजवळची हडबीची शेंडी, नाणेघाटावरचा नानाचा अंगठा, आणि सुईच्या भोकासारखं आरपार छिद्र ते नेढं, जे राजगडाच्या सुवेळा माचीवर आणि रतनगडावर आहे. खंडाळ्याच्या कड्यात साहेबाला ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं. गावकऱ्यांना नागाची फणी दिसली होती. नागफणी हेच नाव लिहावं असं माझं मत आहे, कारण कड्याचा पुढे झुकलेला, वर रुंद होणारा आकार त्यात जास्त नीट पकडला आहे.

नाळेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण वर्णनांमध्ये सर्वांत जास्त गोंधळ तिथे असतो. घाटमाथ्याच्या कड्याला पाण्यानं पाडलेली उभी चीर म्हणजे नाळ. काही ठिकाणी नळी. दोन बाजूंना कातळभिंती, मधून पावसाळ्यात धबधबा आणि उन्हाळ्यात माणसं. बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ, बेलपाड्यातून कोकणकड्याकडे चढणारी नळीची वाट. नाणेघाटसुद्धा मुळात नाळच. सातवाहनांनी तिच्यात पायऱ्या काढल्या, वर लेणं खोदलं आणि व्यापारी तांडे जाऊ लागले म्हणून ती घाट झाली. नाळ आणि घाट यांतला फरक तिथे उभं राहिलं की दिसतो: नाळ पाण्याची, घाट माणसांचा.

नाळेतून उतरताना पायाखालची जमीन कशी बदलते ते टिपून ठेवा. निम्मं वर्णन तिथेच होतं. तोंडाशी माती आणि मुरूम, पाऊल टाकलं की सरकतं. त्याच्या खाली घसारा, म्हणजे मुठीएवढे, डोक्याएवढे सुटे दगड, एक हलला की दहा हलतात. इथे माणसं एकामागोमाग एक उतरवत नाहीत. पुढचा आडोशाला गेला की मागच्यानं निघायचं, आणि दगड सुटला की मोठ्यानं 'दगड' ओरडायचं. मग नाळ अरुंद होते आणि धोंडे लागतात, कमरेएवढे, माणसाएवढे. त्यांवर बसून, पाय सोडून, खालचा धोंडा डगमगतो का बघून उतरायचं. मध्येच एका जागी धोंडे संपतात आणि नाळ एकदम तुटते. तो कातळटप्पा. पावसाळ्यात पाणी इथून उडी मारतं, त्यामुळे दगड घासून गुळगुळीत झालेला असतो आणि हिरवट शेवाळाचा पट्टा सुकला तरी पुसला जात नाही. कातळटप्प्याला पावठ्या, म्हणजे पाय रोवायच्या खोबणी, खोदलेल्या असतील तर तोंड कातळाकडे करून उतरायचं, खोबणी चाचपत. नसतील तर दोर. काही ठिकाणी नाळ सोडून बाजूच्या कड्यात आडवं जावं लागतं. बोराट्याच्या नाळेतून लिंगाण्याचा सुळका आणि रायलिंगचं पठार यांच्यातल्या खिंडीकडे निघणारी आडवी वाट अशीच आहे. पाऊलभर वाट आणि एका बाजूला काहीच नाही. या 'काहीच नाही'साठी गिर्यारोहकांनी दृष्टिभय हा शब्द रुळवला आहे. मला तो पटतो. पाय ठेवायला जागा पुरेशी असते, वाट कठीण नसते, डोळे खाली जातात आणि पाय थरथरतात. 'अवघड' आणि 'दृष्टिभय असलेली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि टिपणात त्या वेगळ्याच लिहाव्यात. उंचीला बिचकणाऱ्या माणसाला त्यावरून निर्णय घेता येतो.

तळाला दगड गोल होतात. धोंड्यांचे गोटे होतात, नाळेचा ओढा होतो, आणि मग गाव.

घळ हा शब्द जपून वापरा, कारण तो जागा बदलली की अर्थ बदलतो. शिवथरघळ, चाफळची रामघळ, सज्जनगडाजवळची रामघळ या सगळ्या गुहा किंवा कपारी आहेत, पाण्याच्या आसपासच्या. उत्तरेकडे नगर-नाशिकात घळ म्हटलं की अरुंद चीर डोळ्यांपुढे येते. पाठ्यपुस्तकात त्याच चिरेला घळई म्हणतात, आणि साम्रदची सांधण दरी ही खरं तर घळई, पण नावात 'दरी' आहे. नावाला हात लावू नका. वर्णन करताना मात्र 'दोन्ही हात पसरले तर भिंती लागतील अशी जागा' हे सांगा, नाहीतर 'दरी' वाचून माणूस रुंद खोरं डोळ्यांपुढे आणतो. दरीचं आणि खोऱ्याचंही तसंच. खोरं नदीचं असतं, त्यात गावं, शेतं असतात: कानद खोरं, मोसे खोरं. दरी उभ्या उतारांमधली, बहुधा ओस. तोरणमाळला तिलाच खाई म्हणतात, सीताखाई.

कातळही असाच फसवा. घाटात कातळ म्हणजे उघडा, काळा, बहुधा उभा दगड. रत्नागिरीत कातळ म्हणजे जांभ्याची आडवी सपाटी, सडा. ज्यांवर कातळशिल्पं सापडली ते हे सडे, आणि त्यांवर चढायचं काहीच नसतं. रत्नागिरीच्या माणसानं 'कातळावरून चालत आलो' लिहिलं तर त्यानं पराक्रम केला असं समजू नये. उन्हात मात्र तो पराक्रमच असतो.

सुळक्यांची वेगळी जात आहे. चारही बाजूंनी सुटलेला तो सुळका. लहान, सडपातळ असेल तर लिंगी. डोंगराच्या अंगाला अजून चिकटलेला असेल तर सुळका म्हणू नये, टोक म्हणावं. रायगडाचं टकमक टोक म्हणजे पुढे निघालेला कडाच. माहुलीच्या रांगेतल्या सुळक्यांना नवरा, नवरी आणि भटोबा म्हणतात. लग्न लागता लागता सगळे दगड झाले, ही आपल्याकडच्या सुळक्यांची ठरलेली कथा.

शाळेतल्या भूगोलातले शब्दही उपयोगाचे आहेत, फक्त योग्य जागी. 'कटक', 'निदरी' हे प्रवासवर्णनात कानाला खुपतात, पण 'बहिर्वक्र उतार' हा शब्द माझ्या मते प्रत्येक गटनेत्याला यायला हवा. वर सौम्य आणि खाली जाता जाता उभा होणारा तो बहिर्वक्र. वरून उतरताना खालचा उभा भाग दिसत नाही. गवत छान दिसतं, माणूस उतरत राहतो, आणि जिथे कळतं तिथून परत चढणं कठीण झालेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेलं गवत उताराच्या दिशेनं आडवं पडलेलं असतं, त्याखाली भुरभुरा मुरूम. असा उतार ओल्या कातळाइतका निसरडा होतो, आणि धरायला कारवी असेल तरच हाताला आधार. अंतर्वक्र उतार याच्या उलट, वर उभा आणि खाली सपाट होत जाणारा. पूर्ण उतार आधीच डोळ्यांसमोर असतो. हे शब्द बोजड वाटत असतील तर 'उतार पोट काढून आहे, खालचं दिसत नाही' असं लिहिलं तरी चालेल.

तुम्ही नमुन्यादाखल दिलेलं वाक्य होतं: 'नळीच्या वाटेनं तीव्र चढ चढत आम्ही रौद्र कोकणकड्याजवळ पोहोचलो.' मी ते असं लिहीन: 'बेलपाड्यातून ओढ्यातले गोटे तुडवत नळीच्या तोंडाशी आलो. पुढे चढ अंगावर आला. घसारा कमी, पण धोंडे मोठे आणि काही हलते. कातळटप्प्यांवर पकड चांगली, पहिल्याला मात्र दृष्टिभय आहे, नवख्यांसाठी दोर लावला. माथ्यावर निघालो तेव्हा कोकणकडा शेजारी होता.' लांबी वाढली हे खरं. पण दुसरं वाचून एखाद्याला सोबत दोर घ्यायचा की नाही ते ठरवता येतं.

हिमालयाबद्दल लिहिताना हे शब्द ताणू नका. मोरेन, म्हणजे हिमनदीनं आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, हे आपल्याकडे नसलेल्या गोष्टीचं नाव आहे, ते तसंच ठेवावं. हिमनदी, हिमभेग (क्रेव्हास) रुळलेत, ते वापरावेत. सुळका, धार, घसारा, खिंड मात्र तिथेही बिनदिक्कत चालतात.

आणि नावं टिपताना नकाशावर किंवा जुन्या इंग्रजी नोंदींवर विसंबू नका. साहेबानं रोमनमध्ये लिहिलेलं नाव परत देवनागरीत येताना ळ चा ल होतो, ड चा द होतो, आणि नाळेची 'नाल' होते. गावात दोघातिघांना वेगवेगळं विचारा. एकाच वाटेची दोन नावं निघाली तर दोन्ही लिहा: खालच्या गावाचं एक आणि वरच्या गावाचं दुसरं, असं पुष्कळदा असतं, आणि कोकणातून चढणाऱ्याला वरच्या गावातलं नाव विचारून वाट सापडत नाही.